दाहाची बाजू : प्रस्तावना

जांघेत, कमरेच्या पट्ट्यावर, पोटावर गोल चट्टा उठतो. कड लालसर आणि किंचित उंचावलेली, मधला भाग त्यामानानं निवळलेला, आणि खाज अशी की रात्रीची झोप मोडते. गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा किंवा दाद म्हणा. हा आजार ठाऊक नाही असं घर महाराष्ट्रात सापडणं कठीण. पूर्वी दोन-चार आठवडे मलम लावलं, गरज पडली तर गोळ्या घेतल्या, की तो जायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र त्यानं मुक्काम ठोकला आहे. गेला म्हणेपर्यंत पुन्हा उमटतो, एकाचा घरातल्या चौघांना होतो, आणि औषधांच्या चिठ्ठ्यांची जाड फाइल तयार होते. ती फाइल टेबलावर ठेवत रुग्ण विचारतो, “डॉक्टर, माझी प्रतिकारशक्ती कमी झालीय का?”

हे पुस्तक त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. थोडक्यात सांगायचं तर बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं आहे. मधुमेह आटोक्यात नसलेले, एचआयव्हीची लागण झालेले, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकार दाबणारी औषधं घेणारे यांच्यात त्वचेवरची बुरशी जास्त पसरते, हे खरं. पण चर्मरोग विभागाच्या बाहेर रांगेत बसलेले बहुसंख्य लोक धडधाकट असतात. त्यांचं शरीर सर्दी-तापाशी, जखमांशी व्यवस्थित झुंजतं. मग एवढीशी बुरशीच तेवढी त्यांना का आवरत नाही? कारण शरीर किती जोरात उत्तर देतं यापेक्षा ते कोणत्या प्रकारचं उत्तर देतं, यावर या आजाराचा निकाल ठरतो. दाह, लाली, खवले सुटणं हे सगळं आपल्याला आजार वाटतं. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग म्हणजे बरं होण्याचीच प्रक्रिया असते. ती चुकीच्या वाटेनं गेली, अर्धवट राहिली किंवा बाहेरून दाबली गेली, की गजकर्ण जुनाट होतं.

आधी ही बुरशी कुठे राहते ते पाहू. त्वचेच्या बाहेरच्या कडेला मेलेल्या, चपट्या पेशींचा थर असतो. त्यात केराटिन नावाचं चिवट प्रथिन ठासून भरलेलं असतं. केस आणि नखं त्याचीच. डर्मॅटोफाइट गटातल्या बुरशी हे केराटिन खाऊन जगतात. केराटिनच्या धाग्यांना गंधकाचे बंध घट्ट धरून ठेवतात. बुरशी सल्फाइट सोडून ते बंध तोडते आणि मग पाचक विकरांनी प्रथिनाचे तुकडे करते. या थरात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे एरवी तिथं पांढऱ्या पेशींची ये-जाही नाही. घरातली सगळी माणसं आत आणि ओल बाहेरच्या भिंतीला, असा हा प्रकार. आतल्यांना ती कळायची कशी आणि तिच्यापर्यंत हात पोचायचा कसा, हा त्वचेपुढचा मूळ प्रश्न आहे.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर चट्ट्याच्या कडेचे खवले बोथट पात्यानं खरवडून काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवून किंचित ऊब द्यायची. काही मिनिटांत पेशी विरघळल्यासारख्या पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लांब, आडव्या पडद्यांचे, फांद्या फुटलेले तंतू दिसू लागतात. पेशींच्या सीमा न जुमानता ते सरळ आरपार गेलेले असतात. खवले मधल्या निवळलेल्या भागातून घेतले, तर पुष्कळदा हाती काही लागत नाही. बुरशी पुढे सरकते, मागून दाह येतो आणि मागचा भाग बऱ्यापैकी साफ करतो. म्हणून चट्टा कड्यासारखा गोल वाढत जातो. त्या कड्याचा आकार ही प्रतिकाराचीच खूण आहे.

प्रतिकाराच्या पहिल्या फळीत पेशींपेक्षा त्वचेची घडणच महत्त्वाची. कोरडी, सलग त्वचा बुरशीला रुजू देत नाही. त्वचेच्या तेलातली काही मेदाम्लं तिला मारक असतात. वयात येताना हे तेल वाढतं, आणि मुलांच्या डोक्यातलं गजकर्ण मोठेपणी बरंच कमी दिसतं, यामागे हेही एक कारण मानलं जातं. रक्तद्रवातलं ट्रान्सफेरिन लोह धरून ठेवतं, त्यामुळे खालच्या जिवंत थरात उतरणाऱ्या बुरशीची लोहाविना उपासमार होते. शिवाय त्वचा सतत खालून नवी तयार होते आणि वरून झडते. दाह सुरू झाला की हा वेग वाढतो आणि झडणाऱ्या खवल्यांबरोबर बुरशीही बाहेर पडते. वरवर क्षुल्लक वाटणारा हा कोंडा शरीराचं एक मोठं हत्यार आहे.

दुसरी फळी ओळख पटवण्याची. बुरशीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाची शर्करासाखळी असते. माणसाच्या पेशींत ती नसते, म्हणून ‘हे परकं आहे’ हे ओळखायला ती सोयीची. डेक्टिन-१ हा तिचा ग्राहक आहे, हे गॉर्डन ब्राउन आणि सियामन गॉर्डन यांनी २००१ साली दाखवून दिलं. डेक्टिन-१ला बीटा-ग्लुकान भेटलं, की पेशीच्या आत निरोपांची एक मालिका सुरू होते आणि तिच्या मध्यावर कार्ड-९ नावाचं प्रथिन असतं. त्यातून पुढे टी पेशींची एक खास जात तयार होते, तिला टीएच-१७ म्हणतात. या पेशी इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२२ हे संदेशवाहक रेणू सोडतात. त्वचेच्या पेशी मग स्वतःच जंतुनाशक प्रथिनं बनवू लागतात आणि न्यूट्रोफिलना बोलावून घेतात. टीएच-१ जातीच्या पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडून त्यांच्या जोडीला येतात. सोरायसिससाठी आज इंटरल्युकिन-१७ रोखणारी इंजेक्शनं मिळतात. ती घेणाऱ्यांत कँडिडा या बुरशीचे संसर्ग वाढतात, यावरूनही या रेणूचं बुरशीशी किती जवळचं नातं आहे ते कळतं.

या मालिकेतला एक दुवा जन्मतःच नसला तर काय होतं, हे उत्तर आफ्रिकेतल्या काही कुटुंबांनी जगाला दाखवलं, आणि त्याची किंमत त्यांनी फार मोठी मोजली. ट्युनिशिया, अल्जीरिया आणि मोरोक्को इथल्या ८ कुटुंबांतल्या १७ जणांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एरवी निरोगी असलेल्या या माणसांत साधी गजकर्णाची बुरशी त्वचेत खोलवर, काहींच्या लसिका ग्रंथींपर्यंत उतरली होती. त्यांतले ४ जण दगावले. सगळ्यांच्यात कार्ड-९ हे प्रथिन बनवणारं जनुक सदोष होतं. जो संसर्ग आपण ‘वरवरचा’ म्हणून सोडून देतो, तो वरवरचा राहतो तो आपल्या शरीराच्या कामामुळे, हे या अभ्यासातून स्पष्ट झालं. म्हणून त्या कुटुंबांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

पण आपल्याकडच्या रुग्णांत कार्ड-९चा दोष क्वचितच असतो. त्यांची गोष्ट समजायला जुन्या प्रयोगांकडे जावं लागतं. विसाव्या शतकाच्या आरंभी बासेलमध्ये ब्रुनो ब्लॉख यांनी दाखवलं, की बुरशीचा एक संसर्ग होऊन बरा झालेल्या गिनीपिगमध्ये दुसरा सहज रुजत नाही. त्याच सुमाराला बुरशीपासून काढलेला ट्रायकोफायटिन नावाचा अर्क त्वचेत टोचून पाहण्याची पद्धत रूढ झाली, आणि पुढे तिच्यातून एक महत्त्वाचा भेद हाती आला. काही माणसांत टोचल्या जागी पंधरा-वीस मिनिटांत पित्ताच्या गांधीसारखी सूज येते आणि ओसरते. काहींत सुरुवातीला काहीच होत नाही, पण दोन दिवसांनी ती जागा लाल आणि कठीण होते. पहिली प्रतिक्रिया आयजीई या प्रतिपिंडाची, ॲलर्जीच्या घराण्यातली. दुसरी टी पेशींची, क्षयाच्या त्वचाचाचणीत दिसते तशी उशिरा येणारी.

१९७०च्या दशकात अमेरिकेत हेन्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी या भेदाची सांगड थेट आजाराशी घातली. निरोगी माणसाला पहिल्यांदा संसर्ग झाला, की आरंभी त्वचा जवळपास स्वस्थ असते. मग टी पेशींची प्रतिक्रिया जागी होते, चट्टा एकदम लाल होऊन भडकतो आणि त्या भडक्यानंतर बरा होऊ लागतो. दुसऱ्या खेपेला हे सगळं लवकर आणि जोरात होतं. याउलट ज्यांना वर्षानुवर्षं संसर्ग राहतो अशांत ॲलर्जीची प्रवृत्ती, म्हणजे दमा, शिंकांचा त्रास, घरात इसब असणं, जास्त आढळली. त्यांच्या त्वचेवर गांध चटकन उठायची, पण दोन दिवसांनंतरची कठीण लाली यायची नाही. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात ज्युडिथ वुडफोक आणि थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनी बुरशीची काही प्रथिनं वेगळी काढून पाहिली. एकच प्रथिन काहींत पहिली प्रतिक्रिया उठवतं आणि काहींत दुसरी. म्हणजे बुरशी तीच, प्रथिनही तेच. शरीर कोणती वाट धरतं यावर आजार रेंगाळणार की जाणार हे बरंचसं ठरतं.

पापुआ न्यू गिनीमधल्या टिनिया इंब्रिकेटा या आजाराचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. ट्रायकोफायटॉन कॉन्सेन्ट्रिकम ही बुरशी तिथल्या काही लोकांच्या अंगभर एकात एक गुंफलेली खवल्यांची वर्तुळं काढते. लहानपणी सुरू झालेला हा आजार जन्मभर साथ करू शकतो. एकाच गावात, एकाच हवेत राहणाऱ्यांत काहींना तो होतो आणि काहींना होत नाही, यामागे आनुवंशिकता असल्याचं १९७७ साली मांडलं गेलं. या रुग्णांत बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं असतात, चटकन उठणारी गांधही दिसते, पण उशिराची टी पेशींची प्रतिक्रिया पुष्कळांत नसते. प्रतिपिंडं आहेत तरी आजार जात नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगत चूर्णं आणि काढे विकणाऱ्या जाहिरातींपुढे हे उदाहरण ठेवावंसं वाटतं. काय वाढवायचं, हे ठाऊक नसताना वाढवण्याची भाषा पोकळ आहे.

बुरशीचीही यात बाजू आहे. गुरं, मांजरं, उंदीर यांच्यावर वाढणाऱ्या जाती माणसाला चिकटल्या, तर त्वचा खवळून उठते. पू, सूज, कधी गळवासारखी गाठ येते, आणि आजार बहुधा लवकर निकालात निघतो. माणसावरच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या ट्रायकोफायटॉन रुब्रमसारख्या जाती मात्र गाजावाजा न करता राहायला शिकल्या आहेत. रुब्रमच्या पेशीभित्तिकेतलं मॅनन नावाचं शर्करायुक्त द्रव्य लसिका पेशींची वाढ मंदावतं आणि त्वचेच्या पेशींची झड कमी करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे कोंड्याबरोबर बाहेर फेकलं जाण्याचा मार्गच ती अडवते. तळपायावर कोरडे पांढरे खवले, एखाद्या हाताचा तळवा जाड झालेला, नखं पिवळट. खाज फारशी नाही, त्यामुळे तक्रारही नाही. अशी माणसं घरात संसर्गाचं कोठार होऊन बसतात. नखात तर प्रतिकाराचा हात आणखीच तोकडा पडतो. पायाचं नख महिन्याला एक-दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून अंगठ्याचं नख पूर्ण स्वच्छ उगवून यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

त्वचेला योग्य वाटेवर आणता येतं का? गुरांच्या बाबतीत ते साधलं आहे. सोव्हिएत संघात सार्किसोव्ह यांच्या गटानं गुरांच्या गजकर्णाविरुद्ध जिवंत, सौम्य केलेल्या बुरशीची लस तयार केली. नॉर्वेत १९७९ पासून ती पद्धतशीरपणे वापरली गेली आणि कळपांतला हा आजार झपाट्यानं ओसरला. ही लस प्रामुख्यानं टी पेशींना शिकवते. माणसासाठी अशी लस आज उपलब्ध नाही, पण टिकाऊ प्रतिकार जैविकदृष्ट्या शक्य आहे, एवढं या अनुभवानं ठरवून टाकलं.

आता आपल्या दारातल्या संकटाकडे येतो. २०२० साली जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. भारतात आधीपासून पसरलेली हीच ती बुरशी; रुब्रमला मागे सारून ती आज आपल्याकडच्या चिवट गजकर्णाचं मुख्य कारण बनली आहे. टर्बिनाफिन हे औषध स्क्वालीन एपॉक्सिडेज नावाचं बुरशीचं विकर बंद पाडतं. इंडोटिनीच्या अनेक वाणांत त्या विकराच्या जनुकात बदल झालेला असतो आणि औषध त्याला नीट चिकटत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकीनं अलीकडे परदेश प्रवासही केलेला नव्हता. आपल्या दवाखान्यांतली अडचण तोवर जगाची झाली होती.

पण औषधाला दाद न देणारी बुरशी ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी मेडिकलच्या काउंटरवर घडते. खाज सुटली की माणूस दुकानात जातो आणि “खाजेची ट्यूब द्या” म्हणतो. मिळालेल्या ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन-चार नावं असतात: एक बुरशीविरोधी औषध, एक-दोन प्रतिजैविकं आणि क्लोबेटासॉलसारखं अतिशय प्रभावी स्टेरॉइड. लावल्यावर रात्रीपर्यंत खाज थांबते, दोन दिवसांत लाली फिकी होते, आणि ट्यूब फार चांगली आहे असं घरभर सांगितलं जातं. त्वचेच्या आत काय झालेलं असतं? रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, न्यूट्रोफिलचं येणं थांबलेलं असतं, टी पेशी गप्प झालेल्या असतात, पेशींची झड मंदावलेली असते. वर मोजलेलं एकेक हत्यार एकाच मलमानं खाली ठेवलेलं असतं. बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब थांबवली, की दाह परत उसळतो आणि माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. काही महिन्यांत चट्ट्यांची ओळखीची कड पुसली जाते, वर्तुळात वर्तुळं उठतात, जांघेतली त्वचा कागदासारखी पातळ होऊन पांढरट चरे पडतात. हे चरे कायमचे. स्टेरॉइडनं रूप बदललेल्या गजकर्णाचं वर्णन आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ सालीच करून ठेवलं होतं. त्यानंतर अर्धशतकानं, २०१८ साली, आपल्याकडे त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी काही मलमंही होती. नियम आहेत, पण ट्यूब अजूनही सहज मिळते.

याचा राग येतो, आणि तो पुस्तकात जागोजागी दिसेल. रागाचा रोख रुग्णावर मात्र नाही. दिवसभर उभ्यानं काम करणारा, लोकलच्या गर्दीत घामेजलेला, एका खोलीत पाच जणांबरोबर राहणारा, पावसाळ्यात कपडे नीट न वाळलेले घालावे लागणारा माणूस झटपट आराम शोधणारच. दवाखान्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. ट्यूब मात्र कोपऱ्यावर मिळते. त्यात घरात कुणाला सांगायची लाज. बायकांना तर परकर आणि सलवारीच्या नाडीखालच्या, स्तनांखालच्या चट्ट्यांविषयी बोलायलाच महिने लागतात. प्रतिकाराचं विज्ञान लिहिताना ही परिस्थिती बाजूला ठेवता येत नाही. घाम, ओल, घट्ट कपडे, एकच पंचा सगळ्यांनी वापरणं, यांनी बुरशीचा मारा रोज नव्यानं होत राहिला, तर योग्य वाटेवरचा प्रतिकारही अपुरा पडतो. म्हणून घरातल्या सगळ्या बाधितांवर एकाच वेळी उपचार करणं ही गोळीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमानं आहे. पहिल्या भागात त्वचा आणि बुरशी, दुसऱ्यात ओळख पटवण्यापासून टीएच-१७पर्यंतची प्रतिकाराची साखळी, तिसऱ्यात ती साखळी जिथं तुटते किंवा भरकटते त्या अवस्था, आणि चौथ्यात उपचार. शिबं आणि कँडिडाचे संसर्ग यांची यंत्रणा काहीशी वेगळी असल्यामुळे त्यांचा उल्लेख फक्त तुलनेपुरता केला आहे. शालेय जीवशास्त्र आठवत असलेल्या कुणालाही हे वाचता यावं असा प्रयत्न आहे. वैद्यकाचे विद्यार्थी, गावातले डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि औषध दुकानदार हे वाचक मनाशी धरून ते लिहिलं आहे.

उपचाराच्या भागाचा गाभा आधीच सांगून ठेवतो. इट्राकोनॅझोलसारखी औषधं मुख्यतः बुरशीची वाढ रोखून धरतात; ती काढून टाकण्याचं काम त्वचेलाच करावं लागतं आणि त्याला आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात खाज पूर्ण गेली नाही म्हणजे औषध चुकलं, असं नाही. चट्टा दिसेनासा झाला म्हणजे बुरशी संपली, असंही नाही. खाजेसाठी वेगळ्या गोळ्या देता येतात. त्यासाठी दाह मुळापासून बंद पाडायची गरज नाही. हे पहिल्याच भेटीत नीट समजावून सांगितलं, तर रुग्ण अर्ध्यावर औषध सोडून ट्यूबकडे वळण्याची शक्यता बरीच कमी होते.

आणि दोन मागण्या. खवल्यांच्या तपासणीला लागतो एक सूक्ष्मदर्शक, स्वस्तातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ते तंतू ओळखू शकणारी नजर. महिनोन्महिने रेंगाळलेल्या प्रत्येक गजकर्णाला ही तपासणी सरकारी दवाखान्यात मिळायला हवी. आणि स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय कुणाच्याही हाती पडता कामा नये. या मागण्या का करतो आहे, त्याची कारणं पुढच्या चार भागांत मांडली आहेत. ती वाचून पटली, तर आपल्या गावातल्या दवाखान्यात आणि दुकानात त्या वाचकांनीही कराव्यात, अशी विनंती आहे.